एक्स्ट्रा पीटीचा हिशेब

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या नायगावच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांचा मुलगा साठ दिवसांची वार्षिक रजा घेऊन घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, माझा चहाही झाला नव्हता, तेव्हा दारात उभा राहिला. वय २९, पायदळात नाईक. बस म्हटले तरी बसेना. "काका, बीपीईटीत दोनदा फेल झालोय. परत गेल्यावर पुन्हा टेस्ट आहे. हे दोन महिने मला रगडा द्या. जेवढा द्याल तेवढा कमीच," एवढे बोलून तो उत्तराची वाट पाहू लागला.

मी सैन्यात २४ वर्षे काढली आणि त्यातली बहुतेक पीटी उस्ताद, म्हणजे जवानांकडून व्यायाम करून घेणारा प्रशिक्षक, म्हणून काढली, त्यामुळे रगडा या शब्दाचा अर्थ मला नीट ठाऊक आहे. चूक केलेल्या जवानाला शिक्षा म्हणून जो व्यायाम करायला लावतात तो रगडा. परीक्षेत नापास झालेल्या माणसाने स्वतःहून रगडा मागावा, याचाच अर्थ असा की आपण नापास झालो म्हणजे गुन्हा केला आणि आता तो अंगावर काढला पाहिजे, हे त्याच्या मनात कोणीतरी पक्के बसवले होते. त्याला पहिल्यांदा खाली बसवले आणि गेल्या दोन महिन्यांचा दिनक्रम विचारला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीपीईटी, म्हणजे बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्ट, यात रायफल आणि पाठीवरच्या सामानासह ५ किलोमीटर धावायचे असते. शिवाय ६० मीटरची दौड, उभा दोर, आडवा दोर आणि ९ फुटांचा खड्डा असतो. पीपीटी, म्हणजे फिजिकल प्रोफिशियन्सी टेस्ट, ही दुसरी परीक्षा. तीत सामानाशिवाय २.४ किलोमीटर धावणे, बीमवर हनुवटीपर्यंत शरीर उचलणे, सिट-अप्स वगैरे असते. आमचा नाईक पीपीटी पास होत होता. दोर, खड्डा यांचीही त्याला अडचण नव्हती. तो अडकत होता फक्त सामानासह ५ किलोमीटरमध्ये. पहिल्या वेळी पास होण्याच्या वेळेपेक्षा दीड मिनिट जास्त लागले, म्हणून त्याला कमजोर स्क्वाडमध्ये टाकले. त्यानंतर सकाळी सगळ्यांबरोबर पीटी, संध्याकाळी इतर जवान व्हॉलीबॉल खेळत असताना याची एक्स्ट्रा पीटी, आणि एक दिवसाआड पूर्ण सामान घालून ५ किलोमीटर. आठ आठवडे हे चालले. दुसऱ्या परीक्षेत त्याला अडीच मिनिटे जास्त लागली.

आठ आठवड्यांच्या मेहनतीने तो एक मिनिट मागे गेला होता. त्याच्याकडे कष्टाची कमतरता नव्हती, आणि हे त्याला पटवण्यात माझा पहिला तास गेला.

मी कागद घेतला आणि त्याच्याकडूनच आकडे काढून घेतले. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने माणसाला विचारायचे की तुला हा व्यायाम दहापैकी किती जड गेला, आणि त्या आकड्याला व्यायामाच्या मिनिटांनी गुणायचे; शरीरावर पडलेला भार मोजण्याची ही पद्धत इतकी साधी आहे की तिला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तरीही जगभरचे प्रशिक्षक ती वापरतात. सकाळची पीटी ४० मिनिटांची. तो ज्याच्या शेजारी धावतो तो तयारीचा जवान म्हणतो, मला चार जड गेली, म्हणजे १६०. आमचा नाईक म्हणतो, आठ, म्हणजे ३२०. मैदान तेच, वेग तोच, आणि भार दुप्पट. मग संध्याकाळची ४० मिनिटे, ती नऊ. म्हणजे आणखी ३६०. दिवसाची बेरीज एकाची १६० आणि दुसऱ्याची ६८०. सहा दिवसांचा आठवडा धरला तर एकाचे ९६०, दुसऱ्याचे ४,०८०. पलटणीतला सर्वांत कमकुवत समजला जाणारा जवान सर्वांत तगड्या जवानाच्या चौपटीहून जास्त भार उचलत होता आणि त्याला विश्रांतीसाठी मिळत होता एक रविवार, तोही खोलीची सफाई आणि कपडे धुण्यात जाणारा.

तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

हा हिशेब मी फार उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, हे इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. सुमारे अठरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली कमजोर जवानांचा एक गट होता. त्यात एक एकवीस वर्षांचा मुलगा होता, आज्ञाधारक, कधीही सिक रिपोर्ट न करणारा, म्हणजे आजारी आहे असे न सांगणारा. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, उस्ताद, नडगी दुखते. मी त्याला सैन्यातले नेहमीचे उत्तर दिले, "दर्द होगा, तभी तो मर्द बनेगा." आणखी नऊ दिवस तो धावला. दहाव्या दिवशी सकाळी त्याला त्या पायावर उभे राहता येईना. नडगीच्या हाडाला तडा गेलेला होता. त्याचे पुढचे चार महिने कुबड्या, हलकी ड्युटी आणि पुन्हा चालायला शिकण्यात गेले. त्याने मला कधी दोष दिला नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग मला विसरता येत नाही.

ही दुखापत सैन्याइतकीच जुनी असावी. ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने १८५५ साली लांब कूच केल्यानंतर सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या दुखऱ्या सुजेचे वर्णन करून ठेवले. त्या काळी क्ष-किरण नव्हते, ते आले १८९५ मध्ये, आणि मगच कळले की आतले हाडच मोडलेले असते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हाडावर नवा ताण पडला की शरीर ते हाड नव्याने बांधायला घेते, पण आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग नवा भरते. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते. भरण्याला मात्र सुमारे तीन महिने लागतात. म्हणून व्यायाम वाढवल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून पुढचा दीड-दोन महिन्यांचा काळ हाड सर्वांत नाजूक असते. नेमक्या त्याच दिवसांत जवानाचा दमसास सुधारलेला असतो, त्याला धाप कमी लागते, आणि उस्तादाला वाटते की आता गडी तयार झाला, भार वाढवायला हरकत नाही. दमसास आठवड्यांत वाढतो आणि हाड महिन्यांत, या दोहोंमधल्या अंतरात माझा तो एकवीस वर्षांचा मुलगा सापडला.

धावणे कमी केले तर जवान ढिले पडतील, ही भीती मला समजते, कारण ती माझीही होती. ती दूर झाली अमेरिकी मरीन कोअरच्या सॅन डिएगोच्या रंगरुटांवर झालेल्या अभ्यासाने. बारा आठवड्यांत एका गटाला ५५ मैल आणि दुसऱ्याला ३३ मैल धावायला लावले. दुसऱ्या गटात हाडाला तडे जाण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि शेवटच्या ३ मैलांच्या परीक्षेत त्यांना जास्त लागलेला वेळ होता सुमारे अर्धा मिनिट. बावीस मैलांच्या जादा धावण्यातून मिळाले एवढेच, आणि त्यासाठी किती पाय मोडले ते वर आलेच आहे.

नाईकाकडे परत येतो. नापास झालेल्या प्रत्येकाला एकच औषध द्यायचे, ही एक्स्ट्रा पीटीची सर्वांत मोठी चूक आहे असे मला वाटते. दोरावर अडणाऱ्याला धावायला लावून काय मिळणार? त्याला पायाची पकड शिकवायला हवी, आणि ती तंत्राची गोष्ट आहे. वजन वाढलेला, आजारातून उठलेला, दमसास नसलेला, झोप नसलेला, घरच्या काळजीने खचलेला, या सगळ्यांचे घड्याळ एकच आकडा दाखवते आणि दुखणे मात्र निरनिराळे असते. याचे वजन ५८ किलो. रायफल आणि सामान मिळून १२ किलो धरले तर ते त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त होते. ८० किलोच्या जवानाला तेच सामान १५ टक्के पडते. सामानाशिवाय तो बरा धावतो आणि सामानासह कोसळतो, म्हणजे कमी आहे ती मांड्या, कंबर आणि पाठ यांची ताकद, आणि ती एक दिवसाआड दमछाक होईपर्यंत धावून येत नाही. आणखी दोन गोष्टी विचारल्यावरच कळल्या. वजन उतरले तर वेग वाढेल या समजुतीने त्याने रात्रीचे जेवण निम्मे केले होते. आणि वडिलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या गार्ड ड्युटीतून सुटला की तो उशिरापर्यंत घरी फोनवर असे. झोप पाच तास. दुप्पट काम, निम्मे अन्न आणि अपुरी झोप यांच्या जोरावर कोणतेही शरीर बळकट होत नाही. परळच्या एका डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतले. ड जीवनसत्त्व कमी निघाले, त्याचे औषध त्यांनी सुरू केले.

आमच्याकडच्या जुन्या तालमीत हे शहाणपण होते. नवा पोरगा लाल मातीत उतरला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी थोड्याच बैठका सांगत, आठवड्याने थोड्या वाढवत, आणि बैठकांइतकीच चौकशी खुराकाची आणि झोपेची करत. बराकीत आपण बैठका तेवढ्या उचलल्या.

पहिले दहा दिवस मी त्याला सामानाला हातही लावू दिला नाही. तो उत्तरेतल्या कोरड्या छावणीतून आला होता, आणि एप्रिल-मेच्या मुंबईत घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहाटे साडेपाचला माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनपर्यंत चालत जायचे आणि तिथे ३० मिनिटे हळू धावायचे, एवढेच. हळू म्हणजे किती, हे त्याला कधी कोणी सांगितलेच नव्हते. २२० मधून वय वजा केले की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो, त्याचा १९१. सकाळी उठल्याउठल्या नाडी ७२. मधले अंतर ११९. त्याचे साठ ते सत्तर टक्के काढून ७२ मध्ये मिळवले की येतात १४३ ते १५५. या मर्यादेत धावताना माणसाला वाक्य पुरे करता येते. पलटणीबरोबर रोज धावताना त्याचे ठोके १८० च्या आसपास असत, म्हणजे तो रोज सकाळी परीक्षाच देत होता.

त्यानंतर आठवडा असा बसवला: दोन दिवस हळू धावणे, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एक दिवस चारशे मीटरच्या चार वेगवान फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर तेवढ्याच वेळाची विश्रांती, एक दिवस सामान, आणि एक दिवस काहीही नाही. ताकदीच्या व्यायामात बैठका, एका पायावर पुढे झुकून उठणे, टाचा उचलणे, वाळूची पिशवी जमिनीवरून उचलणे आणि दंड. हे सगळे मिळून आठवड्याचा भार ९७० च्या आसपास येत होता. सातव्या आठवड्यात तो १,५०० वर नेला. चौथा आठवडा मुद्दाम जवळजवळ निम्मा केला, कारण शरीर घडते ते व्यायामानंतरच्या विश्रांतीत.

सामानाच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते मुंबईनेच सुचवले. आमची इमारत पुनर्विकासानंतर बावीस मजल्यांची झाली आहे. पाठीवर ५ किलो घेऊन तो जिना चढे आणि उतरताना लिफ्टने येई. जिना चढताना मांड्या आणि नितंब यांना भरपूर काम पडते आणि पाय जमिनीवर आपटत नाही. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला गुडघा आणि नडगी वजन झेलतात आणि मांड्यांचे स्नायू ताणले जाऊन दोन दिवस दुखत राहतात. त्याच्या आईला, आमच्या वहिनींना, हे फार खटकले. "जवान माणूस लिफ्टने उतरतो, लोक काय म्हणतील?" असे त्यांनी मला विचारले, आणि मी त्यांना वरची सगळी कारणे जिन्यातच उभे राहून सांगितली. सामानाच्या बाबतीत नियम एकच ठेवला होता: वजन, अंतर, वेग आणि चढ या चारपैकी एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची.

रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी, झोपेचे तास, आणि अंगठ्याने नडगी दाबून पाहणे, या तीन नोंदी त्याने वहीत ठेवायच्या होत्या. चौथ्या आठवड्यापर्यंत नाडी ६२ वर आली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती ७१ दिसली, दुसऱ्या दिवशी ७०. मी विचारल्यावर आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, सुटीच्या दिवशी चोरी केल्यासारखे वाटते. म्हणून दोन रात्री वडाळ्यापर्यंत धावून आलो." मी त्याला रागावलो नाही. ज्याला दोन महिने कमजोर म्हणून सर्वांसमोर वेगळे उभे केले, त्याला विश्रांती ही चोरी वाटणारच. सलग दोन दिवस सगळे बंद ठेवले, तिसऱ्या दिवशी नाडी ६३ वर उतरली, आणि ते आकडे पाहून त्याला जे पटले ते माझ्या बोलण्याने पटले नव्हते.

काही खुणा मात्र अशा असतात की तिथे वही बाजूला ठेवून सरळ एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, गाठायची. एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची जागा दुखणे, रात्री पडल्यावरही दुखणे; उन्हात धावताना जवान असंबद्ध बोलू लागणे; आणि रगड्यानंतर लघवी काळ्या चहाच्या रंगाची होणे. शेवटची खूण म्हणजे स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरले आहे, आणि ते मूत्रपिंड निकामी करू शकते. सवय नसलेल्या माणसाकडून एकाच दिवशी शेकडो उठबशा काढून घेतल्या तर हे घडते. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आहेत. वाहक एरवी निरोगी असतात, पण अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांच्या नोंदींवरचा २०१६ चा अभ्यास सांगतो की वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त नसले तरी स्नायू असे फुटण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त होता. शिक्षा म्हणून व्यायाम देणाऱ्या प्रत्येक उस्तादाने हे लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते.

पलटणीतल्या उस्तादाची अडचण मी जाणतो. शंभर-सव्वाशे जवान, वेळ चाळीस मिनिटे, आणि वरून निकालाची विचारणा. पण त्याच चाळीस मिनिटांत पुष्कळ करता येते. अंतर ठरवण्याऐवजी वेळ ठरवावा: सगळ्यांनी दहा मिनिटे आपापल्या वेगाने पुढे धावायचे, शिट्टी झाली की जिथे असतील तिथून मागे वळायचे. वेगवान जवान लांबवर गेलेला असतो, कमी वेगाचा जवळ असतो, आणि परत येताना सगळे साधारण एकाच वेळी पोहोचतात. कोणी मागे राहत नाही, कोणाला शरमेने ऊर फुटेपर्यंत धावावे लागत नाही. ज्याला रेमेडियल ट्रेनिंगची गरज आहे त्याला ते सकाळच्या पीटीच्या जागी द्यावे, तिच्यावर चढवून नव्हे. हजेरी आणि नोंदी यांत कडक राहावे, जरा जास्तच कडक राहावे. आणि संध्याकाळी त्याला बाकीच्यांबरोबर व्हॉलीबॉल खेळू द्यावे.

रजा संपण्याच्या आठवड्यात शिवाजी पार्कवर आम्ही ५ किलोमीटरची चाचणी घेतली, रायफलीच्या जागी तेवढ्याच वजनाचा लोखंडी नळ धरून. पास होण्याच्या वेळेपेक्षा वीस सेकंद जास्त लागले. त्याचा चेहरा उतरला, पण अडीच मिनिटांवरून वीस सेकंदांवर येताना कुठेही दुखले नव्हते, आणि हाडांचे तीन महिने अजून पुरे व्हायचे होते. पुढच्या पाच आठवड्यांचा तक्ता त्याच्या उस्तादासाठी मी हिंदीत लिहून दिला, वर एक विनंती जोडली की संध्याकाळची एक्स्ट्रा पीटी तेवढी बंद ठेवावी.

त्या उस्तादाने ती मानली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाईकाचा फोन आला. तो अकरा सेकंद राखून पास झाला होता. गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला, या वेळी उस्तादाचाच. त्याने आता तीन जवानांना सकाळच्या वेळेत तोच तक्ता लावला आहे, आणि त्यातला एक जण चौथ्या आठवड्यात नडगीवर बोट ठेवून दुखते म्हणतो आहे. मी त्याला म्हटले, आज धावणे थांबवा, त्याला एमआय रूमला दाखवा, आणि तोपर्यंत दंड आणि दोर चालू ठेवा.